कोणत्या हातापासून

११ जानेवारी

डॉक्टरसाहेब,

आज ढब्बू म्हणणार नाही. ढब्बू माझा धाकटा भाऊ होता आणि तो माझं ऐकायचा. तुम्ही कोण ते मला माहीत नाही.

फोन का करत नाहीस असं विचारशील, तर ऐक. फोनवर तू "हं, हं" करत राहतोस, मधेच कुणीतरी तुला हाक मारतं आणि माझं बोलणं अर्धवट राहतं. वर मला रडू येतं ते वेगळंच. म्हणून लिहितेय. आता शेवटपर्यंत वाचायचं.

खारूच्या मेंदूच्या स्कॅनची सीडी तुला पाठवली होती. तू एका ओळीत कळवलंस, "ताई, नॉर्मल आहे, काळजी करू नकोस." इथल्या हॉस्पिटलनेही तेच लिहिलं होतं, पण ते परके. तुझी ओळ मात्र मी मूर्खासारखी घरभर दाखवली. झालं काय, तर ह्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि ह्यांची बहीण, आमच्या वन्सं, माझ्या तोंडावर म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते? पोरीला काहीही झालेलं नाही. परीक्षा जवळ आली की पडते." सख्खा मामा, दिवसभर लोकांचे मेंदू बघणारा डॉक्टर, तोच काही नाही म्हणतो, मग आई कोण टिकोजीराव?

काही नाही? मग मी डोळ्यांनी बघते ते काय? आधी उजव्या हाताची बोटं आखडतात, मग तो हात कोपरातून वर चढतो, मान वळते आणि एकोणीस वर्षांची धडधाकट मुलगी धाडकन खाली. गेल्या आठवड्यात कॉलेजच्या जिन्यात पडली. हनुवटीला टाके पडलेत. प्राचार्यबाई म्हणतात, दुखणं नेमकं काय ते डॉक्टरांकडून लिहून आणा, नाहीतर तिला घरी ठेवा. कुठून आणू लिहून? औषधं दोन बदलून झाली, तिसरं चालू आहे. त्यानं ती दिवसभर पेंगते, आणि फिट यायची ती येतेच. डोक्याला तारा लावून जो आलेख काढला त्यात म्हणे सगळीकडेच थोडी गडबड आहे, म्हणजे कुठेच नाही.

पार्लरमध्ये बसून लिहितेय. एका बाईंच्या केसांना रंग लावून ठेवलाय, तो धरेपर्यंत मला फुरसत. त्या आरशातून माझ्याकडे बघतायत आणि विचारतायत, "कुणाला एवढ्या जोरात लिहिताय?" पेन कागदातून आरपार गेलंय, तुला दिसेलच.

मला एवढंच सांग. तू खरंच बघितलंस, की बहिणीचं फुकटचं काम म्हणून दोन पेशंटांच्या मधे उरकलंस?

ताई


२३ जानेवारी

ताई,

पत्र वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. ते "तुम्ही" चांगलंच झोंबलं.

उरकलं नाही गं. तू सांगितलंस की उजव्या हातापासून सुरू होतं. उजव्या हाताला मेंदूची डावी बाजू चालवते, म्हणून मी डाव्या बाजूचा कानाकोपरा पाहिला. दिसलं नाही, म्हणून दिसलं नाही असं कळवलं. नॉर्मल म्हणजे मुलगी ठणठणीत आहे असं नव्हे, चित्रात काही सापडलं नाही एवढंच. हे एका ओळीत मावलं नाही ही माझी चूक, कबूल. पण तुझ्या नणंदबाईंना कुठल्याही डॉक्टरची ओळ पुरली असती.

माझ्या मनात एक शंका आहे ती सांगतो. मेंदूच्या बाहेरून एक करडा थर असतो, घड्याघड्यांचा, आणि त्याच्या आत पांढरा भाग. मूल पोटात असताना पेशी आतून प्रवास करत येतात आणि त्या करड्या थरात आपापल्या जागी बसतात. कधीकधी एखाद्या ठिकाणी त्यांची बसण्याची घडी चुकते. नखाएवढी जागा वेडीवाकडी होते, बाकी मेंदू उत्तम. पण तेवढी जागा अधूनमधून भडकते आणि फिट येते. हे कुणाच्या खाण्यापिण्यानं किंवा मुलीच्या मनानं होत नाही, तेव्हा स्वतःला किंवा तिला बोल लावू नकोस.

अशी जागा एखाद्या घडीच्या तळाशी असली की साध्या स्कॅनमध्ये सुटते, कारण त्यात जाड काप घेतात आणि दोन कापांच्या मधे फट राहते. फिटच्या पेशंटसाठी वेगळा स्कॅन असतो, पातळ कापांचा, फट न सोडता. तो करून घे. जागा सापडली तर पुष्कळदा ऑपरेशन करून काढता येते, आणि बऱ्याच जणांच्या फिट थांबतात. उगाच गाजर दाखवत नाहीये. औषधांनी ऐकलं नाही तर हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी आधी जागा दिसायला हवी.

स्कॅनच्या चिठ्ठीवर ठळक लिहून घे की सुरुवात उजव्या हातापासून होते. कुठे बघायचं ते माहीत असलं की नजर तिथे थांबते. नाहीतर या गोष्टी डोळ्यांसमोरून निघून जातात.

ओरड हवं तेवढं. पण तुम्ही म्हणू नकोस.

ढब्बू


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

केला तुझा खास स्कॅन. पोरीला त्या नळकांड्यात घातलं आणि आतून पत्रा बडवल्यासारखा आवाज सुरू झाला. मी बाहेर काचेपाशी उभी. हलायचं नाही म्हणून तिनं दात ओठ आवळून धरले होते, बाहेर आली तर खालच्या ओठावर दातांचे वण. चिठ्ठीवर तू म्हणालास तसं ठळक लिहून घेतलं होतं. आणि रिपोर्ट काय? नॉर्मल. तुला पाठवलं, तर तूही तेच, "ताई, डाव्या बाजूला खरंच काही दिसत नाही." तुमच्या त्या नॉर्मलला आग लागो.

पुढचं ऐक. इथल्या डॉक्टरांनी हात झटकले आणि मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं. ते खारूशी थोडं बोलले, कागद चाळले आणि म्हणाले, ह्या खऱ्या फिट नाहीत, मनाचे झटके आहेत, औषध हळूहळू काढून टाकू. पहिली गोळी कमी झालीसुद्धा. ह्यांनी मान डोलावली. ह्यांना कुणीही शांत आवाजात सांगितलं की पटतं.

कॉलेजमधून तिला काढलंय. म्हणजे काढलं नाही म्हणतात, "बरी होईपर्यंत विश्रांती." आणि परवा स्वयंपाकघरात फिट आली तेव्हा वन्सं तिच्या डोक्याशी उभं राहून टाळ्या वाजवत होत्या, "ऊठ, पुरे झालं, कुणी बघत नाहीये." मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना दाराबाहेर काढलं. चप्पल नंतर फेकली. ह्यांच्या सख्ख्या बहिणीला! हे तेव्हापासून माझ्याशी मीठ-पाण्यापुरतं बोलतात. मला पश्चात्ताप नाही. दुसरी चप्पल जरा जोरात फेकायला हवी होती.

फोनवर व्हिडिओ पाठवलाय. पोरीला सावरायचं सोडून मी फोन धरून उभी राहिले. आईवर ही वेळ तुम्ही लोकांनी आणलीत. बघ आता आणि सांग मला, कुठली नटी इतका चांगला अभिनय करते.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

औषध कमी करायचं थांबवा. तू फोन उचलत नाहीस, म्हणून भावोजींना सांगितलंय आणि तुमच्या पहिल्या डॉक्टरांशीही बोललोय. आज रात्रीपासून गोळी पूर्ववत सुरू. आता बाकीचं लिहितो, बसून वाच.

व्हिडिओत आधी आखडतो तो डावा हात आहे.

मला वाटलं व्हिडिओच उलटा आलाय. पण तिच्यामागच्या कॅलेंडरवरचे आकडे सरळ वाचता येतात. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. अंगठा आत ओढला जातो, मनगट वळतं, मान त्याच बाजूला जाते. डावाच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू दिवसभर गिऱ्हाइकाच्या मागे उभी असतेस. तुझी उजवी बाजू तीच तिची उजवी बाजू, आणि समोरच्या आरशातही ती उजवीकडेच दिसते. तुझ्या कामात बाजू कधी उलटतच नाही. पण खारू पडते तेव्हा तू तिच्या समोर धावतेस. तुझ्या उजव्या अंगाला येतो तो तिचा डावा हात. माझं नेमकं उलट आहे. माझ्या पडद्यावर पेशंटची उजवी बाजू कायम डावीकडे दाखवतात, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उलटवतच असतो. तू सांगितलंस ते मात्र मी जसंच्या तसं घेतलं.

उजव्या बाजूला गेलो. कपाळाच्या मागच्या अंगाला, हात चालवणाऱ्या भागाच्या थोडं पुढे, एका घडीच्या तळाशी करडा थर जाड आहे आणि आतल्या पांढऱ्याशी त्याची हद्द पुसट झालीय. धुवट कपड्यावर पसरलेल्या शाईसारखी. माझ्याबरोबरच्या दोघांना कुठे बघायचं ते सांगितलं, दोघांनीही तिथेच बोट ठेवलं. ताई, सापडली जागा. पहिल्या स्कॅनमध्येही तिची अंधूक खूण आहे.

पुढच्या तपासण्या लागतील, तारा लावून काही दिवस कॅमेऱ्याखाली ठेवतील. आणि एक तपासणी असेल, मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते बघणारी. सगळ्यांचं बोट एकाच ठिकाणी आलं तर ऑपरेशन. तोवर तिला एकटीला जिना आणि अंघोळीला दाराची कडी नको.

ढब्बू


६ मार्च

ढब्बू,

तुझं पत्र वाचून आधी फाडायलाच घेतलं. मला डावं-उजवं कळत नाही? अख्खं आयुष्य कात्री धरण्यात गेलं, एका कानाच्या बाजूची बट दुसऱ्या बाजूपेक्षा तसूभर खाली राहिली तर मला जेवण जात नाही, आणि तू मला शिकवतोस?

रागाच्या भरात पार्लरमधल्या माझ्या हाताखालच्या मुलीला समोर उभी केली. म्हटलं, उजवा हात वर कर. तिनं केला. मी ओरडले, "अगं, उजवा!" ती बिचारी म्हणाली, "काकू, उजवाच आहे." दोन गिऱ्हाइकं आरशातून बघत होती. मी मागच्या खोलीत जाऊन टॉवेलांच्या ढिगावर बसले ते बराच वेळ उठलेच नाही.

बरं, झाली माझी चूक. पण मग तू? मी केस कापणारी बाई. डॉक्टर तू आहेस. त्या पडद्यावर दोन्ही बाजू होत्या ना? की मी ज्या बाजूला बोट केलं नाही ती बाजू तुमच्या यंत्रानं झाकून ठेवली होती? आंधळ्यानं वाट सांगितली म्हणून डोळस माणूसही डोळे मिटून चालायला लागला, असं झालंय हे. दोनदा झालंय. ही जागा तेव्हाच दिसली असती तर ती जिन्यात पडली नसती, तिचं वर्ष गेलं नसतं, आणि तिच्या तोंडासमोर कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. माझ्या चुकीमागे लपू नकोस, तिथे दोघांना पुरेल एवढी जागा नाही.

इथले डॉक्टर आता एकदम गोड बोलायला लागलेत. मनाचे डॉक्टर भेटले लिफ्टमध्ये, त्यांनी माझ्याकडे न बघता मजल्यांचे दिवे बघितले. वन्संनी फळं पाठवली, मी परत पाठवली.

एक काम कर. खारूला कळता कामा नये की हाताचं मी चुकीचं सांगितलं. कसं सुटलं ते ती विचारणारच. तू तिला लिही, मशीनचं सांग, कापांचं सांग, तुमच्या भाषेत काहीतरी सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. हे तिला कळलं तर ती मला जन्मात माफ करायची नाही. एवढं कर, मग मी तुझ्यावर ओरडणं बंद करते. म्हणजे कमी करते.

ताई


२ एप्रिल

प्रिय खारूताई,

कशी आहेस? आईकडून कळलं की कॅमेऱ्याखालचे दिवस पार पडले आणि डोक्याला चिकटवलेल्या तारांचा गोंद अजून केसांतून निघत नाहीये. घरात केसांची एवढी मोठी तज्ज्ञ असून ही परिस्थिती, म्हणजे कमाल आहे!

आई म्हणाली, मामानं सगळं नीट समजावून सांगावं. तर ऐक. तुझ्या मेंदूत उजव्या बाजूला एक इवलीशी जागा जन्मापासूनच जरा चुकीची घडली आहे. ती फारच लहान आणि घडीच्या तळाशी आहे. स्कॅनमध्ये जाड काप घेतले की अशी जागा दोन कापांच्या फटीत हरवते. तुझ्या बाबतीत तसंच झालं. दोष कुणाचाच नाही, यंत्राची मर्यादा म्हण. आता ती सापडली आहे, आणि चांगले लोक तुझ्याकडे बघतायत. तू फक्त आनंदात राहायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि आईला त्रास द्यायचा नाही. बाकी सगळं आम्ही मोठी माणसं बघतो.

तुझा लाडका मामा


१४ जुलै

मामा,

तुझं पत्र येऊन खूप दिवस झाले. राग उतरला की उत्तर लिहीन म्हणून थांबले होते. तो उतरत नाही, तेव्हा तसंच लिहिते.

जाड काप पहिल्या स्कॅनला होते. दुसऱ्याला पातळ होते, तूच सांगितलं होतंस म्हणून तर मी त्या नळीत पुन्हा गेले. मग दुसऱ्या वेळी कुठल्या फटीत हरवलं? मला एवढंही कळणार नाही असं वाटलं तुला? माझ्या मेंदूत बिघाड आहे तो नखाएवढा आहे मामा, बाकीचा उत्तम चालतो. तूच लिहिलं होतंस आईला, तुझी सगळी पत्रं वाचली आहेत मी.

हाताचं मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. अगदी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कोणत्या हातापासून सुरू होतं. मी म्हटलं, डावा. कारण शुद्ध जायच्या आधी मला कळतं. डाव्या तळव्यात काहीतरी सुरसुरतं आणि अंगठा माझं न ऐकता आत जातो. त्यानंतरचं मला आठवत नाही, पण तेवढं दर वेळी आठवतं. मी डावा म्हणाले आणि आई म्हणाली, "तिला कुठे शुद्ध असते, डॉक्टर. मी बघते ना समोर. उजवा." डॉक्टरांनी आईचं लिहून घेतलं. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे तुला आईनं सांगितलं होतं का? नसेलच सांगितलं.

मनाच्या डॉक्टरांना मी परत डावा सांगितला. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, "इथे तर उजवा लिहिलंय. आता डावा कसा झाला?" मी आईकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि आईला म्हणाले, खऱ्या आजारात माणूस हात बदलत नाही. त्यावरून मी ढोंगी ठरले मामा! आई तिथे शेजारी होती. तेव्हाही तिनं सांगितलं नाही की ही पहिल्या दिवसापासून डावाच म्हणतेय.

मग मीही उजवा म्हणायला लागले. घरी बसवलं होतं तेव्हा मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसायचे, आणि माझा डावा कुठला ते ठरवायला मला वेळ लागायचा. आत्यानं टाळ्या वाजवल्या त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, ती तशीच आहे. पण मी स्वतःला विचारलं की मी खरंच नाटक करते का. एकदा नाही, पुष्कळदा विचारलं. तुम्ही दोघं तिकडे एकमेकांना पत्रं लिहून भांडत होतात. आईची पत्रं लिहून झाली की ती किती खूश दिसायची! मी शेजारच्या खोलीत होते. तुला आईवर ओरडायला, आईला तुझ्यावर ओरडायला सगळं सुचलं, पण खारूला विचारू या, हे एकालाही सुचलं नाही. आणि जागा सापडल्यावर पहिलं काम काय, तर मला फसवायचं कसं ते ठरवलंत. मोठी माणसं!

आता माझं ऐक. शेवटपर्यंत वाच, असं आई तुला लिहिते ना, तसं वाच.

सगळ्या तपासण्यांचं बोट एकाच जागेवर आलं. काल सर्जनबाईंना भेटायचं होतं. आई माझ्याबरोबर उठली. मी म्हटलं, तू बाहेर बस. ती म्हणाली, "अगं, तुला नीट सांगता येणार नाही." मी तिच्या तोंडावर दार लावलं.

सर्जनबाईंनी मलाच विचारलं. मी डावा हात टेबलावर ठेवला आणि कुठून सुरसुरतं, अंगठा कसा जातो, ते सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग त्या म्हणाल्या, ती जागा हात चालवणाऱ्या भागाला खेटून आहे. काढताना डाव्या हाताची ताकद जाऊ शकते. बहुधा हळूहळू परत येईल, पण पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. फिट थांबण्याची आशा मात्र चांगली आहे. मी विचार करून येते म्हणाले नाही. मी तिथेच सही केली. हात माझा आहे, गेला तर माझा जाईल, आणि निदान या वेळी कुणीतरी मला विचारून घेईल.

बाहेर आले तर आई बाकावर रडत होती. मी तिला आत का येऊ दिलं नाही, ते तिला कळलं असणार. मी तिच्यासमोरून चालत गेले आणि बाबांबरोबर घरी आले.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस, मला काही समजावू नकोस, माझ्याजवळ बाबा आहेत. पण मी आत असेन तेव्हा आई बाहेर एकटी बसेल. बाबा तिच्याशी नीट बोलत नाहीत, आत्याला ती दारात उभी करणार नाही, आणि मी तर अजून तिच्याशी बोलतच नाहीये. तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं.

खारू